अपुऱ्या आज्ञेस नकार

संगणकावर माहितीचीं कोठारें सांभाळणारीं जीं साधनें आज प्रचारांत आहेत, त्यांत मायएस्क्यूएल हें एक फार मोठें नांव आहे. तें मूळचें स्वीडनमधलें. १९९५ सालीं तें प्रथम बाहेर आलें. त्याच्याशीं बोलण्याची जुनी रीत अगदीं साधी. एक ओळ टंकावयाची, शेवटीं अर्धविराम द्यावयाचा आणि कळ दाबावयाची. ‘अपडेट’ म्हणजे बदल, ‘डिलीट’ म्हणजे पुसून टाक. आणि कोणत्या नोंदी, हें सांगणारा शब्द ‘व्हेअर’.

घात होतो तो या शेवटच्या शब्दापाशीं. कारकुनाला एका ग्राहकाचा पत्ता बदलावयाचा असतो. घाईंत ‘व्हेअर’ राहून जातो, आणि दहा हजार ग्राहक एका क्षणांत एकाच बिऱ्हाडीं राहावयास येतात! आगाऊ तजवीज केलेली नसेल, तर आज्ञा तत्काळ कायम होते. वहींत इतकी चूक करावयास महिने लागले असते, व तेवढ्या अवधींत लिहिणाऱ्यास शुद्ध आली असती.

यासाठीं आज्ञा घेणाऱ्या कार्यक्रमांत एक चिमुकली सोय घालण्यांत आली. तो सुरू करतांना ‘सेफ-अपडेट्स’ हा पर्याय जोडला, कीं तो सर्व्हरशीं संबंध जुळतांच एक ओळ पाठवितो. एवढेंच त्याचें काम. पुढचा पहारा सर्व्हर करतो. बदलण्याच्या किंवा पुसण्याच्या आज्ञेंत ग्राहक-क्रमांकासारख्या सूची केलेल्या रकान्याची अट नसेल, आणि नोंदींची मर्यादाही घातलेली नसेल, तर तो ११७५ क्रमांकाची चूक दाखवून साफ नकार देतो. नुसतें वाचावयास मागितलें, तरी १,००० च नोंदी देतो.

या सोयीचें दुसरें नांव ‘आय-ॲम-अ-डमी’, म्हणजे ‘मी अडाणी आहे’! नांव गमतीचें खरें, परंतु सोयीस मारक. ती मागितल्याखेरीज मिळत नाहीं. आणि ज्याला तिची गरज सर्वांत अधिक, तो आत्मविश्वासी गृहस्थ स्वतःविषयीं असें कशाला टंकील? मुळांतच ती चालू ठेवावी, तर जाणूनबुजून सर्व नोंदी बदलणारीं जुनीं कामें अडून बसतील. मायएस्क्यूएल वर्कबेंच या खिडक्यांच्या साधनांत मात्र ती आरंभापासून चालू असते. तेथें नवशिका ११७५ पाहून चिडतो आणि पहिल्याच दिवशीं ती बंद करण्याची युक्ति शोधतो.

तिचा आवाकाही लहानच. चुकीचा ग्राहक-क्रमांक दिला, तर चुकीचाच ग्राहक पुसला जातो. आणि सबंध तक्ताच काढून टाकणारी ‘ड्रॉप’ ही आज्ञा पूर्वींप्रमाणेंच मुकाट्यानें पाळली जाते.