पायथनची ओळख : पालक आणि विद्यार्थ्यांसाठी
(नवी मुंबई येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



ठाण्याहून वाशीकडे येताना ऐरोलीच्या काचेच्या इमारती लोकलमधून आपण सर्वच पाहतो. आत काय चालते, असे एका पालकांनी मला विचारले. मी म्हटले, संगणकाला कामे सांगणे चालते, आणि ती सांगण्याच्या भाषांपैकी सर्वांत सोपी भाषा आपला मुलगा किंवा मुलगी घरबसल्या शिकू शकते. त्यांना ते पटले नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

या भाषेचे नाव पायथन. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत अ‍ॅमस्टरडॅम येथे ती लिहायला घेतली व 1991 साली जगाला दिली. नाव ऐकून मुले अजगर समजतात. खरे तर ते मॉन्टी पायथन या विनोदी दूरदर्शन कार्यक्रमावरून घेतलेले आहे. पायथन पूर्णपणे मोफत आहे. सॉफ्टवेअरची किंमत म्हणून कोणी पैसे मागू लागला तर खुशाल उठून यावे. शिकवण्याची फी ही वेगळी गोष्ट. तीही वाचवायची असेल तर खाडीपलीकडे पवईच्या आय.आय.टी.चे स्पोकन ट्यूटोरियल आहेच. तेथील धडे भारतीय भाषांत, मराठीतही तयार झाले आहेत. घरी संगणक नसेल तर सुरुवात मोबाईलवरही होते.

आता भीती इंग्रजीची. पहिल्या महिन्यात लागणारे इंग्रजी शब्द वीस-पंचवीसच. प्रिंट म्हणजे दाखव, इनपुट म्हणजे विचारून घे, इफ म्हणजे जर, फॉर म्हणजे पुन्हा पुन्हा कर. किमतीला नाव द्यायचे तर ते मराठीतही देता येते. 'रक्कम' हा शब्द देवनागरीत लिहिला तरी पायथन तो मान्य करतो.

माझ्याकडे येणाऱ्या नववीतील एका मुलीची गोष्ट सांगतो. तिची आई नेरूळला घरी शिलाईकाम करते. मुलीने हिशेबाचा प्रोग्राम लिहिला : एका कामाचे 250, दुसऱ्याचे 120, बेरीज दाखव. उत्तर आले 250120! आई हसली, मुलगी रडकुंडीला आली. कारण साधे होते. इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथन अक्षरे म्हणून धरतो, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणे. 'हा आकडा आहे' असे इंट या शब्दाने त्याला सांगावे लागते. ते सांगितल्यावर 370 आले. पुढे गंमत अशी, की आईने मराठी कळफलकावरून '२५०' असे मराठी आकडे घातले, तरी इंटने ते बिनतक्रार ओळखले. चौथीपर्यंत शिकलेली ती माऊली त्या दिवसापासून स्वतःच आकडे घालू लागली.

मला ते पाहून अल्-ख्वारिज्मी आठवला. नवव्या शतकात बगदादमध्ये बसून त्याने हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिला, बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले, आणि त्याच्याच नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला. अल्गोरिदम म्हणजे कामाच्या पायऱ्या, ठरलेल्या क्रमाने. प्रोग्राम म्हणजे दुसरे काय?

दुसरा अडथळा पाढ्याचा. सातचा पाढा छापायला सांगितला की मुले 'रेंज'मध्ये 1 आणि 10 लिहितात, आणि पाढा 63 वर थांबतो. शेवटचा आकडा पायथन धरत नाही. 70 हवे तर 11 लिहावे लागतात. फॉरच्या ओळीअखेरीस अपूर्णविराम हवा आणि पुढची ओळ थोडी आत सरकवून लिहायला हवी. ते चुकले की लाल अक्षरांत सूचना येते. मुले ती न वाचताच खिडकी बंद करतात! त्या सूचनेत ओळीचा क्रमांक दिलेला असतो. पालकहो, तुम्हाला प्रोग्रामिंग येत नसले तरी "कितव्या ओळीत म्हणतोय ते वाच" एवढे जरूर म्हणा.

कोणी म्हणेल, आता यंत्रच प्रोग्राम लिहून देते, मग शिकायचे कशाला? खरे आहे, देते. पण 250120 हे उत्तर चुकले आहे आणि का चुकले आहे, हे ओळखणारे माणूस घरात हवेच. शिवाय बारावीला सी.बी.एस.ई.च्या संगणकशास्त्राच्या परीक्षेत पायथन असतो.

आणखी एक. मुलगा असेल तर लॅपटॉप घेतला जातो, मुलगी असेल तर "भावाचा झाला की बस" असे सांगितले जाते. आठवड्यातले तीन दिवस तिचे, असे घरात ठरवून टाका.

त्या नववीतल्या मुलीपुढे सध्या नवीच अडचण आहे. प्रोग्राम बंद केला की हिशेब पुसला जातो. तो फाईलमध्ये कसा लिहून ठेवायचा, ते ती या आठवड्यात शिकते आहे. आईने ईदच्या गर्दीआधी पाहिजे म्हणून बजावले आहे.