ओळख नसताना विचारलेले प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



यवतमाळहून पुसदला जाणाऱ्या एसटीत शेजारची बाई अर्ध्या तासात आपली सगळी माहिती काढून घेते. माहेर कुठलं, मिस्टर काय करतात, लेकरं किती. आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरही पुढे करते. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात प्रश्न एकच, 'कुठे उतरणार?' तोही आपल्यासाठी नाही, जागेसाठी. पण तिघींच्या बाकावर सरकून चौथीला बसवून घेण्याची रीतही तिथलीच. मी वाढले यवतमाळ जिल्ह्यात, काम करते मुंबईत. 'गावाकडची माणसं प्रेमळ, शहरातली माणूसघाणी' हे वाक्य मी दोन्हीकडे ऐकते. मला ते पटत नाही.

गावाकडचे प्रश्न नवरा-मुलं असलेल्या बाईला गप्पा वाटतात. टाकलेल्या, विधवा किंवा लग्न न केलेल्या बाईला मात्र ती उलटतपासणी वाटते. 'आडनाव काय?' हा प्रश्न तर पुष्कळदा जातीचाच असतो. त्याच्या उत्तरावर पाण्याचा तांब्या पुढे येणार की नाही, हे ठरतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, ती या संदर्भात आठवावी. शहरात कुणी विचारत नाही, म्हणून कित्येक जणी तिथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात.

पण शहराच्या बंद दारामागे मार खाणारी बाईही असते. भिंतीपलीकडे आवाज ऐकू येतो आणि शेजारी म्हणतात, 'त्यांचा खाजगी मामला.' आणि गावात? जिथे सगळे सगळं विचारतात, तिथेही डोळा सुजलेल्या बाईला 'कुणी मारलं?' हे विचारायला जीभ रेटत नाही. म्हणजे बोलक्या गावाचं आणि अबोल शहराचं मौन नेमकं एकाच जागी आहे!

कायद्याने हे मौन मानलेलं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ नुसार शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतात. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्यांच्यावर जबाबदारी येत नाही. २००८ मध्ये 'बेल बजाओ' मोहिमेनेही हेच सांगितलं: आवाज ऐकला तर दाराची घंटा वाजवा.

मग आपण वस्तीत जाताना काय करायचं? आधी स्वतःची ओळख द्यायची. आडनाव आणि नवरा यांपासून सुरुवात करायची नाही. चारचौघींत विचारायचं नाही, सासू उठून गेली की विचारायचं. तिने उत्तर टाळलं तर तो तिचा हक्क मानायचा, पण पुन्हा जायचं.

कुठली माणसं जास्त प्रेमळ, हा वाद सोडून देऊ. अनोळखी बाईला नको ते न विचारणं आणि हवं ते विचारायला न कचरणं, या दोन्ही गोष्टी आपल्याला शिकायच्या आहेत. यवतमाळातही आणि मुंबईतही.