समुद्राला सातबारा नसतो



यवतमाळच्या व्यासपीठावर समुद्राची गोष्ट कशाला, असे आपणांस वाटेल. आम्ही शाळा फार शिकलो नाही. पण हजेरी कोणाची लागते आणि कोणाची गळते, एवढे युनियनच्या कामात शिकलो.

पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्यासाठी सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरावयाचा आहे. शेत गेले तर सातबारा दाखविता येतो. समुद्राला सातबारा नसतो. मग होडीवरचा खलाशी, बोंबील वाळविणारी, पाटी घेऊन बाजारी जाणारी बाई, यांचे नुकसान कोणत्या रकान्यात मांडावयाचे?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले, तेव्हा नदीत जाळे टाकणाऱ्या भोयाकडे आणि दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराकडे तरी कोठे सातबारा होता?

बंदराने काम मिळेल म्हणतात. मिळो, आम्ही कामच मागणारी माणसे. परंतु आधी कोणाच्या हातचे काम जाते, त्याची नावानिशी यादी चावडीवर वाचा. वाढवणची यादी कोळी बांधव मागत राहोत. निम्न पैनगंगेच्या बुडिताची यादी आपण मागू. मागणी एकच आहे.