अलास्काचा पहिला जलप्रवास

आम्हा इंदूरकरांना पाण्याचा विस्तार ठाऊक असतो तो यशवंतसागराचा, किंवा फार तर ओंकारेश्वरच्या नर्मदेचा. अशा माणसाने पहिलाच समुद्रप्रवास एकदम अलास्काचा योजावा, याचे पुष्कळांना हसू येते. मला मात्र ही निवड शहाणपणाची वाटते. व्हँकूव्हरहून निघालेले जहाज बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने कापते; महासागराच्या लाटांचा जोर तेथे ओसरलेला असतो. शिवाय मे महिन्यात जहाजांची ये-जा सुरू झालेली असते, आणि तेव्हाच आम्हा शिक्षकांना सुटी!

तिकिटाची घाई मात्र करू नये. जहाज निघते कॅनडातून, पण अलास्का १८६७ पासून अमेरिकेचा; म्हणून व्हिसा दोन्ही देशांचा हवा. परतही व्हँकूव्हरलाच यायचे असेल, तरी कॅनडाचा एकाच प्रवेशाचा व्हिसा सहसा पुरतो. माझ्या परिचयाच्या एका दांपत्याने आधी पैसे भरले. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती जहाज सुटल्यानंतरची. अनेक वर्षांच्या बचतीवर त्यांना पाणी सोडावे लागले.

खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्यावी; तेथे हेलकावे कमी जाणवतात. लोकरी कपड्यांइतकाच रेनकोटही आवश्यक आहे, कारण केचिकन बंदरात वर्षाकाठी साडेतीनशे सेंटिमीटरांहून अधिक, म्हणजे इंदूरच्या तिपटीहून जास्त पाऊस पडतो. राजधानी जुनोला तर बाहेरून मोटाररस्ताच नाही. तेथील रहिवाशांना बोट ही चैन नव्हे.

आमचे व्हिसाचे अर्ज गेल्या आठवड्यात गेले. जहाजाचे तिकीट अद्याप काढलेले नाही.