तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा

पंप-मोटरींचे विक्रेते, वाइंडर मंडळी आणि गावोगावहून आलेल्या मित्रांनो,

सकाळपासून बाजारात नाव कसं कमवावं यावर पुष्कळ ऐकलं. नवे बोर्ड, जाहिराती, मोबाइलवरचे पाच तारे, सगळं झालं. मी बोलणार आहे ते काउंटरवरच्या जॉबकार्डाबद्दल.

त्यावर आपल्या दुकानातला मुलगा दोनच शब्द लिहितो, ‘मोटर जळाली’. समोरचा शेतकरी मात्र सांगत असतो, “रात्री लाइट आली, बटण दाबलं, नुसती घूं घूं केली, फिरलीच नाही, मग वास सुटला.” अहो, निदान तिथेच आहे! तीनपैकी एक फेज गेलेला असणार. दुसरा म्हणतो, “आधी धार तुटक यायला लागली, मग बंदच पडली.” म्हणजे बोअरचं पाणी खाली गेलं, सबमर्सिबल कोरडी चालली आणि तापली. कार्डावर दोघांचंही एकच. दोघांनाही आपण नवी तार भरून देतो, पैसे घेतो. एकाला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवा होता, दुसऱ्याला ड्राय रनपासून संरक्षण. ते कुणी सुचवलंच नाही. पुढच्या महिन्यात मोटर पुन्हा जळते आणि दूध डेअरीवर रांगेत उभ्या गावाला कळतं की अमक्याकडचं वाइंडिंग टिकत नाही. तारेत खोट नव्हती. पण हे सांगायला त्या रांगेत आपण नसतो.

आणखी एक गोष्ट, जरा अडचणीची. दोनच फेज असताना कंडेन्सर लावून मोटर चालवतात, हे इथे कोणाला माहीत नाही? पण काउंटरवर कोणी कबूल करत नाही. कारण कबूल केलं की आपण लगेच म्हणतो, “मग गॅरंटीत बसत नाही.” खोटं बोलायला आपणच शिकवलं आणि वर म्हणतो, गिऱ्हाईक खरं सांगत नाही. माझ्या दुकानात सांगून ठेवलंय की आधी सगळं ऐकून, लिहून घ्यायचं, गॅरंटीचा विषय नंतर. त्यात अधूनमधून पदरचं जातं. जाऊ दे. त्या बोलण्यातून जे कळतं ते कंपनीच्या माहितीपुस्तकात मिळत नाही.

गिऱ्हाइकाचं ऐकून घेणं ही काही नवी गोष्ट नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. ती समजूत चुकीची होती, पण जमीन त्यांची होती आणि नुकसान झालं तर तेही त्यांचंच होणार होतं. त्यांचं बोलणं अडाणी म्हणून हसण्यावारी नेलं असतं तर नांगर कारखान्यातच गंजले असते.

ताऱ्यांबद्दल थोडक्यात. मेहुण्या-भाच्यांकडून कौतुक लिहून घेणारे आपल्यातही आहेत. नावं घेत नाही, पुढच्या रांगेत हसू फुटलंच आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, तेही अशाच बनावट कौतुकाला आळा घालायला. मी तर एक ताऱ्याचे अभिप्राय आधी वाचतो. “तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही,” हे वाचलं की दुकानात काय बदलायचं ते कळतं. “उत्तम सेवा” वाचून काहीच कळत नाही.

खुल्या सत्रात ठराव येतोय. प्रत्येक सभासदाने तक्रारवही ठेवावी, एका बाजूला गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्या बाजूला आपण काय केलं आणि कोणत्या तारखेला. दर तीन महिन्यांनी नावं वगळून या नोंदी एकत्र करून कंपन्यांकडे पाठवायच्या. कोणत्या भागात कोणती मोटर का जळते, हे एकट्या दुकानदाराने सांगितलं तर ऐकलं जात नाही. सगळ्यांच्या वह्या सोबत असल्या तर उत्तर द्यावं लागेल. वही ठेवणं कटकटीचं आहे, मान्य. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती सत्रातच मांडावी, जेवणाच्या पंगतीत नको.