मज्जातंतूंचा निरोप आणि फवारणीचे औषध

शेतात दारे धरणाऱ्या माणसाला दोन कामे असतात. वाफ्याचे तोंड उघडायचे आणि वाफा भरला की बुजवायचे. बुजवायला उशीर झाला तर पीक सडते. आपल्या शरीरातही मज्जातंतूंच्या टोकाशी अशीच उघडझाप अखंड चालू असते.

आपण खुरपे उचलतो तेव्हा मेंदूकडून निघालेला निरोप मज्जातंतूतून स्नायूपाशी येतो. दोघांमध्ये एक फट असते. किती लहान? एका मिलिमीटरचे वीस हजार भाग करा, त्यातला एक भाग! ही फट ओलांडून निरोप पोचवते ते ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन. मज्जातंतू रसायनाकरवी बोलतात, हे ऑस्ट्रियातल्या ग्राट्स येथे ऑटो लोवी यांनी १९२१ साली दाखवले. बेडकाच्या हृदयाकडे जाणारा मज्जातंतू त्यांनी चेतवला, तशी हृदयाची गती मंदावली. त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयात सोडला, तर तेही मंदावले. पुढे १९३६ साली लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण निरोप पोचला, की तो पुसलाही पाहिजे. नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. हे पुसण्याचे काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो.

आता फवारणीकडे वळू. कीटकांच्या शरीरातही हेच विकर असते. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशके त्याला चिकटून त्याचे काम बंद पाडतात. कीड मरते ती त्यामुळे. माणसाचे विकरही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. मग निरोप पुसले जात नाहीत. लाळ आणि घाम सुटतो, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, उलट्या होतात, स्नायू फडफडतात, आणि शेवटी श्वास अडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वेळी वापरलेल्या औषधांत या वर्गातली औषधेही होती.

“चार दिवस फवारतोय, मला काही झालं नाही,” असे पुष्कळजण म्हणतात. इथेच घात आहे. औषध अंगावरच्या ओल्या कपड्यांतून, कातडीतूनही आत शिरते. बंद पडलेल्या विकराच्या जागी नवे तयार व्हायला शरीराला काही आठवडे लागतात. म्हणजे रोज थोडी थोडी तूट साचते, आणि पाचव्या दिवशी तेवढ्याच फवारणीने माणूस कोसळू शकतो.

असे झाले तर काय करावे? रोग्याला शेतातून बाजूला न्या, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवा. हे करताना आपल्या हातांना औषध लागू देऊ नका. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. औषधाची बाटली, निदान तिच्यावरची चिठ्ठी, बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. डॉक्टरांपाशी ॲट्रोपीन असते. ते साचलेल्या निरोपाचा मारा थोपवते. प्रालिडॉक्झिम विकराला विषापासून सोडवते. पण वेळ गेला की ती पकड कायमची होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात मज्जासंस्थेचा धडा आला की एवढे जरूर सांगा. ज्या मुलाचा बाप उद्या पाठीवर पंप घेणार आहे, तो हा धडा घरी नेईल.