पाट्या आणि पंतोजी

भाषा शिकविण्यास क्रमिक पुस्तक, फळा आणि खडू एवढी सामग्री पुरते, हा समज फार जुना आहे. मुलांचे त्यात भागत असेल. शिक्षकाची वाढ मात्र खुंटते. तोच धडा दहा वर्षे शिकविला म्हणजे प्रश्न आणि उत्तरे दोन्ही पाठ होतात, आणि ज्याला सगळी उत्तरे पाठ आहेत तो नवे काही शोधावयास जात नाही.

यावरील एक उपाय शाळेबाहेरच्या रस्त्यावर टांगलेला आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा ठरला, आणि २०२२ च्या दुरुस्तीने लहानसहान दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी पाटी आवश्यक झाली. त्यामुळे मुंबईत घरी गुजराती वा तमिळ बोलणारे मूलही वाटेवर अनेक मराठी पाट्या पाहते. 'येताना दिसलेली एक पाटी जशीच्या तशी उतरवून आणा,' एवढेच शिक्षकाने सांगावे.

मग खरी परीक्षा सुरू होते, आणि ती शिक्षकाची! एक मुलगा 'प्राणिसंग्रहालय' लिहून आणतो, दुसरा 'प्राणीसंग्रहालय'. बरोबर कोणते? 'प्राणी' हा शब्द एकटा असता दीर्घान्त. समासात आधी आला म्हणजे ऱ्हस्वान्त. तिसरा बागेतील 'फुले तोडू नये' ही पाटी आणतो. फुले अनेक, तेव्हा 'नयेत' का नको? चौथ्याच्या वहीत जुन्या इमारतीवरील 'कापडाचें दुकान' असते. 'चें'वरील टिंब कशासाठी? ते एके काळच्या सानुनासिक उच्चाराची खूण होय. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गाळले.

ही उत्तरे प्रत्येकास तोंडपाठ असतील असे नाही. अशा वेळी 'ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो,' हे वाक्य वर्गापुढे उच्चारणे कठीण जाते. आपला मान उणावेल, अशी धास्ती वाटते. परंतु त्याच वाक्याने शिक्षक पुन्हा विद्यार्थी होतो. त्या रात्री व्याकरण आणि शब्दकोश उघडले जातात, आणि शोध कसा घ्यावा हे मुलांना दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

याकरिता एक वही पुरे. पाटीवरील मजकूर, मुलाची शंका आणि सापडलेले उत्तर अशी तीन सदरे त्यात आखावीत. महिन्यातून एकदा शाळेतील भाषाशिक्षकांनी आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसावे. एकाचे अडलेले दुसऱ्याकडून सुटते. पथ्य एकच: चुकलेल्या पाटीवरून रंगाऱ्याची वा दुकानदाराची थट्टा होऊ देऊ नये. बहुतेक जण कानाला पडते तसे लिहितात, आणि उच्चार व लेखन यांतील हे अंतर हाच एक उत्तम धडा आहे.

वर्षाअखेरीस ती वही चाळली असता मुलांनी किती पाट्या वाचल्या हे तर कळेलच. शिक्षकाने त्या वर्षात नवे काय मिळविले, याचा हिशेबही तीतच सापडेल.